आरोग्यचर्चा : युद्धावरून परत आलेले कृमि

आर्वीकडील एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्या हातीं आलें. पत्र बरेंच लांब आहे. त्यांतील मुद्द्याचा भाग तेवढा येथें सांगतों. त्यांचे सासरे सैन्यांतून निवृत्त झालेले असून आज त्यांचें वय अठ्याहत्तर आहे. १९७१ च्या युद्धांत ते पूर्व बंगालच्या मोहिमेवर होते, व त्यापूर्वीं आसामच्या सरहद्दीवर त्यांनीं दोन पावसाळे काढले होते. पुढें घरीं आल्यावर मधून मधून त्यांचें पोट बिघडे. वर्षांतून दोन-चार वेळां कमरेखालीं खाज सुटून एक तांबडी रेघ उमटे, व दिवस-दोन दिवसांत मावळे. घरांत तिला 'पित्त' म्हणण्याची रीत पडून गेली होती. यंदा दमा बळावला म्हणून त्यांना वर्ध्यास नेलें. तेथें स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून देण्यापूर्वीं एका तरुण डॉक्टरांनीं विचारलें, "आजोबा, नोकरींत आपण कोठें कोठें होतां?" दम्याच्या रोग्याला हा प्रश्न कशाकरितां, तें कोणालाच कळेना. डॉक्टरांनीं गोळ्या थांबवून आधीं शौचाची परीक्षा करविली, आणि तींत एका कृमीच्या जिवंत अळ्या सांपडल्या.

येथवर ठीक झालें. परंतु घरीं ही वार्ता येतांच थोरल्या जाऊबाईंनीं मामंजींचें ताट-तांब्या वेगळा काढला, आणि नातवंडांना त्यांच्या खोलींत जाण्याची मनाई झाली. म्हातारे कांहीं बोलत नाहींत. मात्र जेवण निम्म्यावर आलें आहे. आमच्या वाचकभगिनीचे प्रश्न दोनच आहेत. पन्नास वर्षांपूर्वीं पोटांत गेलेला कृमि आजवर जिवंत राहील काय? आणि ताट वेगळें ठेवणें योग्य आहे काय?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असेंच आहे. फक्त त्यांत एक दुरुस्ती हवी. राहतो तो तोच कृमि नव्हे, त्याचा वंश राहतो. पोटांतील बहुतेक कृमींना वंशवृद्धीसाठीं एकदां तरी घराबाहेर पडावें लागतें. अंडीं मळाबरोबर जमिनीवर जातात, तेथें त्यांची वाढ होते, व मग तीं किंवा त्यांतून निघालेल्या अळ्या पुन्हां माणसाच्या शरीरांत शिरतात. म्हणून दूषित जमीन सोडून माणूस निघून आला, कीं पोटांतील कृमि आपापलें आयुष्य संपवून मरतात : मोठे जंत वर्ष-दीड वर्षांत, अंकुशकृमि कांहीं वर्षांत. परंतु 'स्ट्राँगिलॉइडिस' नांवाचा जो केसाहून बारीक कृमि आहे, त्याची तऱ्हा निराळी आहे. त्याचीं अंडीं आंतड्यांतच फुटतात, आणि कांहीं अळ्या बाहेर न पडतांच आंतड्याच्या भिंतींतून किंवा गुदद्वाराजवळच्या कातडींतून शरीरांत परत शिरतात, रक्तावाटे फुप्फुसांत जातात, तेथून घशांत चढून गिळल्या जातात व पुन्हां आंतड्यांत येऊन प्रौढ होतात. बाहेरच्या मातीची गरजच उरत नाहीं. कमरेखालची ती तांबडी रेघ म्हणजे कातडीखालून चाललेल्या अळीची पायवाट होय. तासांत दोन-चार इंच ती पुढें सरकते. पित्ताच्या गांधी उठतात आणि बसतात. रेघ होऊन त्या चालत नाहींत, एवढी खूण घरांतील वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

या कृमीचा शोधच मुळीं सैनिकांच्या पोटांत लागला. १८७६ सालीं फ्रान्समधील तूलाँ बंदरांत लुई नॉर्माँ नांवाचे नौदलाचे एक वैद्य होते. कोचीन-चीन, म्हणजे आजच्या व्हिएतनामचा दक्षिण भाग, येथून परत येणारे शिपाई अतिसारानें झिजून गेलेले असत. त्यांच्या शौचाची सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासणी करतां नॉर्माँ यांना हा कृमि दिसला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांनीं युद्धकैद्यांकडून ब्रह्मदेश व सयाम यांना जोडणारी रेल्वे १९४२-४३ मध्यें बांधवून घेतली. चिखलांत, पावसांत, पुष्कळदां अनवाणी पायांनीं राबलेल्या त्या कैद्यांपैकीं जे इंग्लंडांत व ऑस्ट्रेलियांत जिवंत परत गेले, त्यांच्यांतील कित्येकांच्या पोटांत तीस-पस्तीस वर्षांनंतर हा कृमि सांपडला. लिव्हरपूलच्या डॉक्टरांनीं १९७९ सालीं हें प्रसिद्ध केलें. तेथेंही पुष्कळांच्या अंगावर अशीच रेघ उमटत असे, आणि घरचे लोक तिला कांहीं तरी दुसरेंच नांव देत आले होते. तेव्हां आर्वीच्या घरानें केलेली चूक कांहीं जगावेगळी नव्हे.

सैन्य आणि पोटाचे रोग यांची सोबत जुनी आहे, व त्या सोबतींत मराठी शिपायाचा वांटा थोडा नाहीं. १९१५ च्या डिसेंबरांत इराकमधील कूत या गांवीं पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला तुर्कांनीं वेढा दिला. त्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं अन्न संपून सेनेनें शस्त्र खालीं ठेवलें, तोंवर उपासमार, रक्तपिती व आमांश यांनीं शेंकडों माणसें अंथरुणास खिळलीं होतीं. पुढें कैदेच्या वाटचालींत आमांशानें आणखी किती तरी बळी घेतले. वेढ्याच्या थोडे आधीं जखमी शिपायांनीं भरलेली एक आगबोट बसऱ्यास आली. मेजर कार्टर या लष्करी डॉक्टरांनीं तिची दशा पाहून जें लिहिलें, तें १९१७ च्या चौकशी कमिशनच्या अहवालांत आहे. गृहिणींच्या मासिकांत त्याचें वर्णन करावयास लेखणी धजत नाहीं. इतकेंच सांगतों कीं, लांबून जे दोर लोंबकळत असल्यासारखे दिसले ते दोर नव्हते. आमांशानें हैराण झालेल्या, उठण्याचीही शक्ति न राहिलेल्या माणसांचा तो मळ बोटीच्या कडेवरून ओघळून वाळलेला होता. खरें सांगितल्याबद्दल कार्टरसाहेबांना वरिष्ठांकडून प्रथम दमच मिळाला, हेंही त्या अहवालावरून कळतें.

त्याच युद्धांत इजिप्तमध्यें वेनियन व ओकॉनर या दोघां शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, आमांशाच्या अमीबाचीं बीजें घरमाशीच्या पोटांतून जिवंत बाहेर पडतात. म्हणजे छावणीचा उघडा संडास आणि छावणीचें स्वयंपाकघर यांच्या मधली टपालवाली माशी होय. औषध तेव्हां हातीं आलें होतें; कलकत्त्याच्या सर लिओनार्ड रॉजर्स यांनीं १९१२ पासून एमेटीनचीं इंजेक्शनें देण्यास आरंभ केला होता. पण माशी तशीच राहिली, म्हणून रोगही तसाच राहिला. दुसऱ्या महायुद्धांतील ब्रह्मदेशच्या आघाडीविषयीं सेनापति स्लिम यांनीं नमूद केलें आहे कीं, १९४३ सालीं जखमी म्हणून मागें पाठविलेल्या एका माणसामागें आजारी म्हणून पाठविलेलीं माणसें १२० होतीं. पहिला मान हिंवतापाचा, व त्याच्या मागोमाग आमांशाचा.

आतां वर्ध्याचा या सर्वांशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध असा कीं, आमांशाच्या या टपालाला अडविण्याचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यांत झाला, आणि तो करणाऱ्या गृहस्थाला हे दोन्ही रोग स्वतःच्या देहांत भोगावे लागले होते. १९१८ सालीं महात्मा गांधी खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं पायपीट करीत होते. भरतीचे शिपाई राहिले बाजूला, भरती करणारालाच शिपायांच्या रोगानें गांठलें. आमांश इतका विकोपास गेला कीं, जगण्याची आशा त्यांनीं सोडली होती. त्याच दुखण्यांत, दूध न घेण्याचें व्रत आड येत असतां, कस्तुरबांनीं शेळीच्या दुधाची वाट काढून दिली. पुढें मे १९४४ मध्यें आगाखान राजवाड्यांतून सुटका झाल्यावर त्यांची तपासणी झाली, तेव्हां आंतड्यांत अमीबा व अंकुशकृमि हे दोन्ही आढळले. पोटांत कृमि निघाले म्हणून तोंड लपविणाऱ्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत आणावी.

१९३५ मध्यें मीराबेन वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी गांवांत राहावयास गेल्या, आणि आश्रमांतील मंडळी सकाळीं बादल्या घेऊन त्या गांवचे रस्ते साफ करूं लागली. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगांवास राहावयास गेले. १९४० त त्याचें नांव सेवाग्राम झालें. १९४६ च्या सुमारास विनोबा पवनारहून रोज खांद्यावर फावडें टाकून सुरगांवीं जात व तेथील घाण साफ करीत. सुरगांव तेथून सुमारें तीन मैलांवर. कोंकणांत कणकवलीस अप्पासाहेब पटवर्धनांनीं हेंच काम हयातभर चालविलें. हे दोघे कोणत्या घरांत जन्मले हें आमच्या वाचकवर्गास सांगावयास नको. आणि आपल्या घरांतून त्या काळीं त्यांच्याविषयीं जें बोललें जाई, तेंही विसरण्यासारखें नाहीं. दुसऱ्याच्या मळास हात लावणें हें एका जातीच्या कपाळीं लिहून टाकून बाकीच्यांनीं नाक धरावयाचें, ही आपली शेंकडों वर्षांची आरोग्यव्यवस्था होती. तिनें त्या जातीचे हाल केले ते केलेच, पण नाक धरणाऱ्यांचीं पोटेंही सुधारलीं नाहींत.

सेवाग्रामची पद्धत साधी. उथळ चर खणावा, त्यांत शौचास बसावें, वर कोरडी माती टाकावी. जमिनीच्या वरच्या थरांतील सूक्ष्म जंतु मळाचें खत करून टाकतात. माती पडली कीं माशी बसत नाहीं. कूतच्या छावणींत जर कोणी एवढें कटाक्षानें केलें असतें, तर पुष्कळांचे प्राण वांचते. तरीही या पद्धतींतली एक उणीव झांकून ठेवणें बरें नाहीं. वीतभर मातीनें माशी अडते, अंकुशकृमि अडत नाहीं. त्याच्या अळ्या ओलसर, भुसभुशीत मातींतून वर चढून येतात व पृष्ठभागाजवळ माणसाच्या पावलाची वाट पाहत राहतात. त्यांना आवरावयाचें तर खड्डा खोल हवा, किंवा भरलेला खड्डा बंद करून वर्ष-दोन वर्षें त्याला हात लावतां कामा नये. दोन खड्ड्यांचा शौचकूप आज गांवोगांव बांधतात, त्यांतील दुसऱ्या खड्ड्याचें प्रयोजन हेंच. एक भरून मुरत असतां दुसरा वापरावयाचा. घाई करून ओलें सोनखत शेतांत टाकणारा शेतकरी स्वतःच्याच पायांखालीं कृमि पेरतो.

पायांतून कृमि शिरतो, हें प्रथम कोणी खरें मानीना. इजिप्तमध्यें लूस नांवाचे एक जर्मन शास्त्रज्ञ अळ्यांवर प्रयोग करीत असतां पाण्याचा थेंब त्यांच्या हातावर सांडला. जागा चुरचुरूं लागली, तांबडी झाली. आणि कांहीं आठवड्यांनीं त्यांच्याच शौचांत अंकुशकृमीचीं अंडीं निघालीं. ही १८९८ च्या सुमाराची गोष्ट. लगेच पुढल्या वर्षीं पोर्टो रिको बेटावर ॲशफर्ड या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं दाखविलें कीं, तेथील कॉफीच्या मळ्यांतील मजूर ज्या पांडुरोगानें पिवळे पडून मरत होते, त्याचें मूळ उपासमारींत नव्हे, या कृमींत आहे. हा कृमि जेमतेम अर्धा इंच लांब; पण त्याची एक जात रोज घनसेंटिमीटरचा सहावा-सातवा हिस्सा रक्त पिते. दोनशें कृमि असले तर रोज दोन मोठे चमचे रक्त गेलें. एवढें रक्त दररोज सांडलेलें डोळ्यांना दिसतें, तर घरांत हाहाकार उडाला असता. आंतड्यांत सांडतें म्हणून आपण त्या बाईला आळशी म्हणतों.

'त्या बाईला' असें मुद्दाम लिहिलें. वर्ध्याच्या मे महिन्याच्या उन्हांत या अळ्या उघड्या जमिनीवर जगत नाहींत. पण मृग लागला, जमीन भिजली, बांधावरच्या झाडाखालीं सावली पडली, कीं त्यांचा हंगाम सुरू होतो. आणि नेमका तोच निंदणीचा, म्हणजे बायकांनीं अनवाणी शेतांत उतरण्याचा हंगाम आहे. शिपायाला सरकारनें बूट दिले, छावणींत शौचकूप बांधून दिले. शिपायाचें काम अडतें म्हणून. कपाशींत वा सोयाबीनमध्यें राबणाऱ्या बाईला बूट कोणी दिले? आपल्या घरच्या शेतावर किती जोड्या पायांत आहेत, हें कर्त्या पुरुषानें एकदां मोजून यावें. आपल्या घरांतही सोंवळ्याच्या नांवाखालीं अनवाणी परसांत जाणाऱ्या आजीबाई आहेतच, आणि परसाच्या कोपऱ्यांत मूल बसविण्याची चाल सर्वत्र गेली आहे, असेंही नाहीं.

औषधांविषयीं थोडें. २०१५ पासून सरकार राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतें व एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळांतून आणि अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी देतें. ती गोळी मुलांना अवश्य देऊं द्यावी. पुष्कळ शिकलेलीं घरें 'आमच्या मुलांना कसले जंत' म्हणून ती परत पाठवितात, हें बरें नव्हे. मात्र दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. त्या योजनेंत आजोबा बसत नाहींत. आणि तीच एक गोळी आजोबांना दिली, तरी स्ट्राँगिलॉइडिसचा वंश तिनें हटकून तुटत नाहीं. त्यावर चालणारें औषध आयव्हरमेक्टिन, व तें वजन पाहून डॉक्टरांनींच द्यावयाचें. शौचाची एक परीक्षा निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊं नये. अळ्या थोड्या असल्या तर त्या निसटतात, म्हणून परीक्षा पुन्हां पुन्हां करावी लागते किंवा रक्ताची निराळी तपासणी करावी लागते.

आणि आतां त्या तरुण डॉक्टरांच्या प्रश्नाचें मर्म. हा कृमि पन्नास वर्षें गुपचूप राहतो, तो शरीराची प्रतिकारशक्ति त्याला दाबून ठेवते म्हणून. स्टिरॉइड हें औषध तीच शक्ति मंद करतें. पहारा उठला, कीं अळ्यांची संख्या अनिवार वाढते, त्या फुप्फुसांत, प्रसंगीं मेंदूपर्यंत पसरतात, आंतड्यांतील जंतु बरोबर घेऊन रक्तांत शिरतात. आणि मग रोगी वांचणें फार कठीण. बाहेरून दिसतें तें एवढेंच, कीं दम्याकरितां औषध दिलें आणि दमा वाढला, म्हणून औषधाची मात्रा वाढवितात. २०२० व २०२१ च्या करोनाच्या सांथींत स्टिरॉइडचा वापर घरोघर पोंचला, तेव्हां जगभरच्या डॉक्टरांना या जुन्या कृमीची पुन्हां आठवण करून द्यावी लागली. अर्थात् हें वाचून कोणीं चालू असलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या आपल्या मनानें एकदम बंद करूं नयेत; त्यांतही जिवास धोका आहे. डॉक्टरांना सांगावें, आणि ते म्हणतील तसें करावें.

पुलगांवच्या दारूगोळा डेपोमुळें व एरव्हींही आपल्या जिल्ह्यांत सैन्यांतून निवृत्त झालेल्यांचीं घरें पुष्कळ आहेत. अशा घरांतील सुनांनीं एक काम करावें. मामंजी कोणत्या सालीं कोठें होते, आसाम, नागप्रदेश, मिझो टेंकड्या, पूर्व बंगाल, श्रीलंका, जें असेल तें, हें एका कागदावर लिहून त्यांच्या औषधांच्या चिठ्यांबरोबर ठेवावें. पदकांच्या पेटींत ही माहिती असते. दवाखान्यांत ती पेटी कोणी नेत नाहीं. लिहून घेण्याच्या निमित्तानें चार जुन्या गोष्टी निघतील, त्याही ऐकून घ्याव्या.

राहिला ताटाचा प्रश्न. हा कृमि ताटातांब्यांतून, शिळ्या-उष्ट्यांतून, कपड्यांच्या शिवाशिवींतून जात नाहीं. त्याच्या अळ्या मळांतून बाहेर पडतात व ओल्या मातींतून कातडींत शिरतात. घरांत नीट शौचकूप आहे, मामंजी तो वापरतात, साबणानें हात धुतात, आणि धोतर वेळच्या वेळीं धुतलें जातें, एवढें असलें म्हणजे पुरे. औषध चालू झालेंच आहे. डॉक्टर पुन्हां तपासणीला बोलावतील तेव्हां चुकवूं नये. तेव्हां जाऊबाईंना आमचा निरोप सांगावा, कीं मामंजींचें पान आजपासून पंगतींतच मांडावें, आणि नातवंडांना त्यांच्या खोलींत मोकळेपणीं जाऊं द्यावें.